नायट्रोजन ऑक्साइडे घटवणारा मिश्रधातूचा उत्प्रेरक : आखणीपासून चाचणीपर्यंतचा योग्य क्रम

तांबे आणि पॅलेडियम यांचा मिश्रधातू ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियमच्या सच्छिद्र ऑक्साइडवर) बसवून वाहनांच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड या प्रदूषक वायूचे नायट्रोजनमध्ये रूपांतर करणे हे साध्या प्रयोगशाळेतही करता येण्याजोगे काम आहे. तरीही पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या हातून ते पुन्हा पुन्हा त्याच दोन ठिकाणी फसते. दोन धातूंची लवणे एकत्र ओतली की मिश्रधातू तयार झाला असे धरले जाते, आणि उत्प्रेरक भरलेल्या चाचणीच्या नळीतून बाहेर येणारे नायट्रिक ऑक्साइड कमी झाले की त्याचा नायट्रोजन झाला असे धरले जाते. ही दोन्ही गृहीतके न तपासता पुढे गेल्यास नंतरचे आलेख कितीही देखणे असले तरी त्यांतून मिश्रधातूविषयी काहीच सिद्ध होत नाही. म्हणून पुढील टप्प्यांत या दोन तपासण्यांना सर्वाधिक जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून पाच तांब्याच्या अणूंमागे एक पॅलेडियमचा अणू हे गुणोत्तर घेतले आहे. जपानमधील होक्काइडो विद्यापीठातील गटाने २०१९ मध्ये अशाच तांबेबहुल जोडीवरचे काम प्रसिद्ध केले होते. गुणोत्तर किंवा धातू बदलले तरी कामाचा क्रम तोच राहतो.

## टप्पा १ : कोणत्या धुरासाठी उत्प्रेरक हवा हे आधी लिहून काढावे

प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहाव्यात : धुरातील ऑक्सिजनचे प्रमाण, क्षपण करणारा (म्हणजे दुसऱ्यातील ऑक्सिजन काढून घेणारा) वायू, तापमानाची मर्यादा आणि वाफ व गंधक यांचे प्रमाण. हे न ठरवता धातू निवडणे ही पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे वजनी प्रमाण साधारण १४.७ ला १ असे राखले जाते. त्यामुळे धुरात ऑक्सिजन जेमतेम उरतो आणि कार्बन मोनॉक्साइड हेच क्षपणाचे काम करू शकते. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन भरपूर असतो. तेथे कार्बन मोनॉक्साइड आधी ऑक्सिजनशी जळून जाते आणि नायट्रिक ऑक्साइड तसेच राहते. म्हणूनच डिझेलच्या अवजड वाहनांत युरियापासून मिळणारा अमोनिया वापरला जातो, आणि तेथे व्हॅनेडिया (व्हॅनेडियमचे ऑक्साइड) किंवा तांबेयुक्त झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचे खनिज) हे उत्प्रेरक चालतात. तांबे-पॅलेडियमचा आपला मिश्रधातू पहिल्या प्रकारच्या धुरासाठी आहे. तो डिझेलसाठी उपयोगी पडेल असे प्रबंधाच्या प्रस्तावनेत लिहिणे चुकीचे ठरेल.

सावधान : कोणत्याही क्षपणकाशिवाय नायट्रिक ऑक्साइडचे थेट नायट्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन ऊर्जेच्या हिशेबाने शक्य आहे, पण सुटा झालेला ऑक्सिजन धातूच्या पृष्ठभागावर चिकटून राहतो आणि जागा अडवतो. हे उद्दिष्ट निवडायचे असल्यास त्यासाठी वेगळी आखणी लागते. नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या अभिक्रियेचा उत्प्रेरक त्या कामाला चालेल असे धरू नये.

## टप्पा २ : धातूंची जोडी आणि गुणोत्तर निवडणे

नायट्रिक ऑक्साइडचा रेणू तोडायला पृष्ठभागावर शेजारी रिकामी जागा लागते, कारण एका रेणूतून नायट्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन अणू सुटतात. ऱ्होडियम हे काम उत्तम करते, पण ते दुर्मीळ आणि अतिशय महाग आहे. पॅलेडियमवर कमी तापमानाला कार्बन मोनॉक्साइड इतके घट्ट बसते की रिकामी जागाच उरत नाही. शिवाय सुटलेला नायट्रोजनचा अणू शेजारच्या अखंड नायट्रिक ऑक्साइडला मिळाला तर नायट्रस ऑक्साइड तयार होते. तांब्यावर कार्बन मोनॉक्साइडची पकड बरीच सैल असते. म्हणून पॅलेडियमचे अणू तांब्यात विखुरले, तर पॅलेडियमवरची गर्दी कमी होईल आणि त्याची क्रियाशीलता मात्र टिकेल, असा या जोडीमागचा तर्क आहे.

संगणकीय गणनेने आधी चाळणी करायची असल्यास किमान तीन बंधऊर्जा (पृष्ठभागाशी चिकटण्याच्या ऊर्जा) काढाव्यात : नायट्रोजनच्या अणूची, ऑक्सिजनच्या अणूची आणि कार्बन मोनॉक्साइडची. केवळ नायट्रिक ऑक्साइडची बंधऊर्जा काढून निष्कर्ष काढणे अपुरे आहे, कारण अनेकदा खरी अडचण रेणू तोडण्यात नसून तुटलेले तुकडे पृष्ठभागावरून हटवण्यात असते.

येथे एक बाब नेहमी विसरली जाते. आतील घडण आणि पृष्ठभागाची घडण सारखी नसते, आणि पृष्ठभागाची घडण सभोवतालच्या वायूप्रमाणे बदलते. ऑक्सिजनच्या सान्निध्यात तांबे पृष्ठभागाकडे सरकते, तर कार्बन मोनॉक्साइडच्या सान्निध्यात पॅलेडियम वर येते. त्यामुळे निर्वातातील स्वच्छ पृष्ठभागाच्या प्रारूपावर काढलेले आकडे गुणोत्तरांचा क्रम लावण्यापुरतेच वापरावेत. नेमके गुणोत्तर प्रयोगानेच ठरवावे आणि त्यासाठी किमान तीन-चार गुणोत्तरांची मालिका करावी.

## टप्पा ३ : वजनांचा हिशेब

मिश्रधातूचे गुणोत्तर अणूंचे असते आणि तराजू वजन मोजतो. ही साधी गोष्ट किती मालिका बिघडवते हे पाहून खरोखर वाईट वाटते, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो.

दहा ग्रॅम उत्प्रेरक हवा आहे आणि त्यात वजनाने १ टक्का पॅलेडियम हवे आहे असे धरू. म्हणजे ०.१०० ग्रॅम पॅलेडियम लागेल. त्याचा अणुभार १०६.४२ असल्याने हे ०.९४ मिलिमोल झाले. तांबे त्याच्या पाचपट, म्हणजे ४.७० मिलिमोल हवे. तांब्याचा अणुभार ६३.५५ असल्याने ते ०.२९९ ग्रॅम होते. तीन जलरेणू असलेल्या कॉपर नायट्रेटचा रेणुभार २४१.६ आहे, म्हणून ते लवण १.१४ ग्रॅम घ्यावे लागेल. उरलेले सुमारे ९.६० ग्रॅम ॲल्युमिना. याऐवजी पाचास एक हे प्रमाण वजनाचे समजून ०.५ ग्रॅम तांबे घेतले, तर अणुगुणोत्तर जवळपास ८.४ ला १ होते आणि मालिकेतला तो नमुना दुसऱ्याच नमुन्याच्या जागी जाऊन बसतो.

पॅलेडियम नायट्रेट बहुतेक वेळा अनिश्चित जलरेणूंसह किंवा आम्लयुक्त द्रावणाच्या रूपात मिळते. बाटलीवरील प्रमाणपत्रात पॅलेडियमची टक्केवारी दिलेली असते आणि हिशेब त्याच आकड्यावर करावा. पॅलेडियम क्लोराइड स्वस्त पडते आणि सहज मिळते, परंतु त्यातील क्लोराइड ॲल्युमिनाला धरून राहते, जागा अडवते आणि तांब्याचे कण मोठे होण्यास हातभार लावते. माझे स्पष्ट मत असे की येथे थोडा खर्च अधिक झाला तरी नायट्रेटच घ्यावे.

ॲल्युमिनाचे छिद्रघनफळ (छिद्रांत मावणाऱ्या द्रवाचे घनफळ) प्रत्यक्ष मोजावे. पुरवठादाराच्या कागदावरील आकडा वापरू नये. सुकवलेल्या एक ग्रॅम ॲल्युमिनात पाणी थेंबाथेंबाने मिसळत जावे. भुकटी अचानक चकाकू लागली आणि गोळा धरू लागली की तो बिंदू नोंदवावा. समजा हे घनफळ ग्रॅममागे ०.५ मिलिलिटर आले, तर ९.६० ग्रॅमसाठी ४.८ मिलिलिटर द्रावण लागेल. दोन्ही लवणे याच एका द्रावणात विरघळली पाहिजेत.

तपासणी : गॅमा ॲल्युमिना (ॲल्युमिनाचा येथे वापरलेला प्रकार) हवेतील बाष्प भराभर शोषते. वजन करण्यापूर्वी ते १२० °से. वर रात्रभर सुकवले होते का? नसल्यास वजनाचा सारा हिशेब पुन्हा करावा.

## टप्पा ४ : भिजवणे, सुकवणे, तापवणे, क्षपण

१. भिजवणे. द्रावण थेंबाथेंबाने घालून प्रत्येक वेळी काचेच्या कांडीने नीट कालवावे. शेवटी भुकटी ओलसर पण सुटी दिसली पाहिजे. वर पाणी तरंगत असेल तर घनफळाचा अंदाज चुकला आहे. ते पाणी आटवून टाकू नये, कारण आटताना लवणे कणांच्या बाहेरील कडेला जमतात. असा नमुना बाजूला ठेवून नवा करावा.

२. मुरवणे आणि सुकवणे. झाकून दोन-तीन तास ठेवावे, मग ८० °से. पासून सुरुवात करून हळूहळू ११० °से. पर्यंत न्यावे. घाईने सुकवल्यास द्रावण छिद्रांतून बाहेर खेचले जाते आणि दोन्ही लवणे वेगवेगळ्या वेळी स्फटिकरूप होतात. दोन धातू एकमेकांपासून दुरावण्याची सुरुवात पुष्कळदा येथेच होते.

३. हवेत तापवणे. पातळ थर पसरून, वाहत्या हवेत, मिनिटाला २ अंश या वेगाने ४०० °से. पर्यंत नेऊन एक-दोन तास ठेवावे. बंद भट्टीत जाड थर ठेवल्यास नायट्रेटमधून निघणारा तपकिरी वायू आणि वाफ तेथेच कोंडतात आणि धातूचे कण वाढतात. त्याहून वर तापवण्याचा मोह टाळावा, कारण ऑक्साइडच्या रूपात दोन्ही धातू वेगळे असतात आणि जितके अधिक तापवाल तितके ते आपापले मोठे कण बनवतात.

४. क्षपण. आर्गॉनमधील ५ टक्के हायड्रोजनमध्ये, मिनिटाला ५ अंश या वेगाने ४०० ते ५०० °से. पर्यंत नेऊन एक तास ठेवावे. पॅलेडियमचे ऑक्साइड खोलीच्या तापमानाच्या आसपासच क्षपित होते. एकट्या तांब्याच्या ऑक्साइडला साधारण २०० °से.च्या पुढे जावे लागते, मात्र शेजारी पॅलेडियम असल्यास ते बरेच आधी क्षपित होते. क्षपण झाले म्हणजे मिश्रधातू झाला असे नाही. दोन्ही धातू मिसळायला अणूंची हालचाल हवी आणि त्यासाठी हे वरचे तापमान लागते.

सावधान : ताजा क्षपित नमुना थेट हवेत काढू नये. तो तापतो, आणि पृष्ठभागावरील तांबे ऑक्साइड बनून मिश्रधातूपासून अलग होते. थंड झाल्यावर प्रथम निष्क्रिय वायू, मग १ टक्का ऑक्सिजन असलेला वायू सोडून सावकाश हवेची सवय करावी. प्रत्येक चाचणीपूर्वी नळीतच पुन्हा क्षपण करावे.

याच क्रमाने, त्याच दिवशी, त्याच ॲल्युमिनावर आणखी दोन नमुने करावेत : केवळ पॅलेडियमचा आणि केवळ तांब्याचा. या दोघांची भुकटी एकत्र मिसळून तिसरा, यांत्रिक मिश्रणाचा नमुना तयार होतो. हे मिश्रण नसेल तर मिश्रधातूमुळे झालेला फरक आणि दोन धातू शेजारी असल्यामुळे झालेला फरक यांत भेद करताच येत नाही.

## टप्पा ५ : मिश्रधातू खरोखर झाला आहे का

हा टप्पा ओलांडल्याशिवाय वायूच्या चाचणीकडे जाऊ नये. एकच तंत्र पुरेसे नाही, आणि का पुरेसे नाही हे समजून घेणे आवश्यक आहे.

एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन). तांब्याच्या स्फटिकजालकाची बाजू ३.६१५ अँगस्ट्रॉम आणि पॅलेडियमची ३.८९० अँगस्ट्रॉम आहे. पाचास एक या मिश्रधातूची बाजू सरळ प्रमाणाने सुमारे ३.६६१ येते. तांब्याच्या लक्ष्याचे नेहमीचे क्ष-किरण वापरल्यास मुख्य शिखर शुद्ध तांब्यासाठी ४३.३ अंशांवर, शुद्ध पॅलेडियमसाठी ४०.१ अंशांवर आणि आपल्या मिश्रधातूसाठी ४२.७ अंशांच्या किंचित पुढे यायला हवे. म्हणजे तांब्यापासूनचे सरकणे अर्ध्या अंशाच्या आसपासच आहे. आता कणाचा व्यास ३ नॅनोमीटर असेल तर शेररच्या (कणाचा आकार आणि शिखराची रुंदी यांचे नाते सांगणाऱ्या) सूत्राप्रमाणे त्या शिखराची रुंदीच २.८ अंशांच्या जवळ जाते. त्यातच गॅमा ॲल्युमिनाची स्वतःची शिखरे ३७, ३९.५ आणि ४६ अंशांच्या आसपास पसरलेली असतात. इतक्या रुंद आणि एकमेकांवर चढलेल्या शिखरांतून अर्ध्या अंशाचे सरकणे वाचून मिश्रधातू सिद्ध झाला असे म्हणणे धाडसाचे आहे. धातूचे प्रमाण तिप्पट ठेवून एक वेगळा नमुना केवळ एक्सआरडीसाठी करता येतो, पण तो चाचणीचा नमुना नव्हे हे लेखात स्पष्ट लिहावे. उलट एक्सआरडीत शिखरच दिसले नाही म्हणजे धातू अणूअणूने विखुरला आहे असेही समजू नये. त्याचा अर्थ फक्त कण लहान आहेत किंवा प्रमाण कमी आहे इतकाच.

हायड्रोजनची चाचणी. पॅलेडियमचे कण खोलीच्या तापमानाला हायड्रोजन शोषून हायड्राइड बनवतात आणि साधारण ५० ते १०० °से. दरम्यान तो सोडतात. तापमान वाढवत केलेल्या क्षपणाच्या आलेखात हे उलट्या दिशेच्या शिखराच्या रूपात दिसते. तांब्यात मिसळलेले पॅलेडियम हायड्राइड बनवत नाही, म्हणून मिश्रधातूत हे शिखर नाहीसे व्हायला हवे. ही स्वस्त आणि बोलकी चाचणी आहे. मात्र तिच्यात एक फसवी जागा आहे : पॅलेडियमचे कण अतिशय लहान असले तरी हायड्राइडचे शिखर मंदावते. त्यामुळे तुलनेचा निव्वळ पॅलेडियमचा नमुना जवळपास त्याच आकाराच्या कणांचा हवा.

कार्बन मोनॉक्साइडचा इन्फ्रारेड वर्णपट. नळीतच क्षपित केलेल्या पातळ चकतीवर खोलीच्या तापमानाला कार्बन मोनॉक्साइड सोडून वर्णपट घ्यावा. शेजारीशेजारी असलेल्या दोन पॅलेडियम अणूंवर पुलासारखे बसलेले कार्बन मोनॉक्साइड दर सेंटिमीटरला १९०० ते २००० या तरंगसंख्येत दिसते आणि तीन अणूंच्या खळग्यात बसलेले त्याहून खाली दिसते. एकट्या अणूवर सरळ उभे असलेले २०५० ते २१०० च्या दरम्यान येते. पॅलेडियम तांब्यात विखुरले असेल तर पुलाची पट्टी मावळते आणि सरळ पट्टी उरते. तांब्यावरील कार्बन मोनॉक्साइडही याच वरच्या भागात दिसते, म्हणून नंतर निष्क्रिय वायू सोडून वर्णपट पुन्हा घ्यावा. धातुरूप तांब्यावरचे सहज निघून जाते, पॅलेडियमवरचे टिकते. पहिला वर्णपट लवकर घ्यावा, कारण रेंगाळल्यास कार्बन मोनॉक्साइड स्वतःच पॅलेडियमला पृष्ठभागाकडे ओढते आणि तुम्ही मोजत असलेला पृष्ठभाग बदलतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. नमुना तांब्याच्या जाळीवर ठेवू नये. जाळीतील तांबे प्रत्येक कणावर तांब्याचा संकेत उमटवते आणि पॅलेडियमचे निव्वळ कणही मिश्रधातूचे भासतात. सुविधा केंद्रात नमुना देताना सोन्याची, निकेलची किंवा मॉलिब्डेनमची जाळी मागून घ्यावी. एका सुंदर कणाचे चित्र हा पुरावा नव्हे. वेगवेगळ्या भागांतील अनेक कणांचे गुणोत्तर मोजून त्यांचा पसारा द्यावा. काही कण निव्वळ तांब्याचे निघाले तर तेही सांगावे.

शक्य असल्यास सिंक्रोट्रॉनवर (अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) क्ष-किरण शोषणाचे मापन करावे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ येथे तांब्याच्या शोषणकडेवर (तांबे ज्या ऊर्जेला क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागते तेथे) असे मापन होते. परंतु आपल्या नमुन्यात पाचपट तांबे असल्याने तांब्याच्या बाजूने पाहिल्यास पॅलेडियमचा शेजार फिका दिसतो, हे आखणी करतानाच ध्यानात घ्यावे.

तपासणी : हायड्राइडचे शिखर, इन्फ्रारेडमधील पुलाची पट्टी आणि कणांचे मोजलेले गुणोत्तर या तिघांचे म्हणणे एकच आहे का? दोन एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला असेल तर टप्पा ४ कडे परत जावे. बहुतेक वेळा दोष सुकवण्यात किंवा जास्त तापवण्यात सापडतो.

## टप्पा ६ : वायूची मांडणी

सिलिंडर मागवतानाच चूक होऊ शकते. नायट्रिक ऑक्साइडचा सिलिंडर नायट्रोजनमध्ये मिसळलेला आला तर तयार होणारा नायट्रोजन मोजण्याची शक्यताच संपते. म्हणून नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही हेलियम किंवा आर्गॉनमध्ये मिसळून मागवावीत. कार्बन मोनॉक्साइड पोलादी सिलिंडरच्या आतील भिंतीतून लोखंड उचलून आणते आणि ते उत्प्रेरकावर जमते. ॲल्युमिनियमचा सिलिंडर घ्यावा, नाहीतर वाटेत तापवलेल्या ॲल्युमिनाचा सापळा ठेवावा.

नळी क्वार्ट्‌झची असावी. गरम भागात स्टेनलेस स्टील असल्यास तेही अभिक्रिया घडवते. उत्प्रेरकाची भुकटी दाबून, फोडून, चाळून घ्यावी. नळीचा आतील व्यास कणाच्या किमान दहापट असावा. ०.१ ग्रॅम नमुना आणि मिनिटाला १०० मिलिलिटर वायू घेतल्यास ताशी ग्रॅममागे ६०,००० मिलिलिटर हा वेग येतो आणि प्रारंभासाठी तो ठीक आहे. नमुन्यात सिलिकॉन कार्बाइड मिसळावे आणि थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारेचे) टोक उत्प्रेरकाच्या थराला टेकलेले असावे, कारण भट्टीच्या भिंतीचे तापमान हे थराचे तापमान नसते.

मापनासाठी मास स्पेक्ट्रोमीटर एकटा पुरत नाही. नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही २८ वर, तर नायट्रस ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ४४ वर येतात. या चारही वायूंची आपल्याला गरज असल्याने नुसत्या त्या आकड्यांवरून निवडकता (रूपांतर झालेल्यापैकी किती भाग नायट्रोजन वायू झाला ते) काढणे व्यर्थ आहे. इन्फ्रारेडच्या वायुकक्षात नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड, दोन्ही कार्बन ऑक्साइडे आणि अमोनिया मोजता येतात, नायट्रोजन मात्र तेथे दिसत नाही. तो आण्विक चाळणीच्या स्तंभावर गॅस क्रोमॅटोग्राफने मोजावा.

सावधान : नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही विषारी आहेत, आणि कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. बाहेर जाणारा वायू धूरपेटीच्या आतच सोडावा, मांडणीजवळ गजर असलेला संवेदक ठेवावा आणि रात्री कोणी नसताना प्रयोग चालू ठेवू नये.

## टप्पा ७ : चाचणी आणि नायट्रोजनचा हिशेब

१. उत्प्रेरक टाळून जाणाऱ्या वाटेने वायू सोडून सर्व आकडे नोंदवावेत. नायट्रिक ऑक्साइडच्या जुन्या सिलिंडरमध्ये थोडे नायट्रस ऑक्साइड आपोआप तयार झालेले असू शकते. ते वजा न केल्यास उत्प्रेरकाच्या माथी येते.

२. रिकामी नळी, मग फक्त ॲल्युमिना, यांची चाचणी घ्यावी.

३. नमुना क्षपित केल्यावर हेलियममध्ये तापवून पाहावे. तयारीच्या वेळचे नायट्रेट उरले असेल तर तेव्हा नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात.

४. १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) नायट्रिक ऑक्साइड आणि १००० पीपीएम कार्बन मोनॉक्साइड सोडून एकेका तापमानाला आकडे स्थिर होईपर्यंत थांबावे. तापमान सतत चढवत घेतलेल्या आलेखात आधी शोषलेला वायू नंतर बाहेर पडतो आणि रूपांतर खोटे दिसते. चढत्या क्रमाने झाल्यावर उतरत्या क्रमानेही मोजावे.

आता हिशेब. समजा २०० °से. ला बाहेर २०० पीपीएम नायट्रिक ऑक्साइड आणि २४० पीपीएम नायट्रस ऑक्साइड मोजले गेले. रूपांतर ८० टक्के झाले, आणि पुष्कळ लेख येथेच थांबतात. पण नाहीशा झालेल्या ८०० भागांपैकी ४८० नायट्रोजन अणू नायट्रस ऑक्साइडमध्ये गेले, कारण त्याच्या एका रेणूत ते दोन असतात. नायट्रोजन वायूत फक्त ३२० गेले, म्हणजे १६० पीपीएम नायट्रोजन. निवडकता ४० टक्के आणि आत आलेल्या नायट्रिक ऑक्साइडच्या तुलनेत खरे उत्पन्न ३२ टक्के. नायट्रस ऑक्साइड हा शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करणारा वायू आहे. अशा उत्प्रेरकाने प्रदूषण घटले असे म्हणता येणार नाही.

हा हिशेब ऑक्सिजनच्या बाजूने पडताळता येतो आणि तो पडताळावाच. नाहीशा झालेल्या नायट्रिक ऑक्साइडमधून ८०० भाग ऑक्सिजन सुटला. त्यातील २४० नायट्रस ऑक्साइडमध्ये राहिला. उरलेल्या ५६० भागांनी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड केले असले पाहिजे. म्हणून बाहेर ५६० पीपीएम कार्बन डायऑक्साइड आणि ४४० पीपीएम कार्बन मोनॉक्साइड दिसायला हवे. प्रत्यक्ष आकडे याच्या आसपास नसतील तर कोठेतरी गळती, शोषण किंवा मापकाचा दोष आहे.

तपासणी : मोजलेला नायट्रोजन हिशेबापेक्षा जास्त आला का? मग जोडांतून हवा आत येत आहे. क्रोमॅटोग्राफवर ऑक्सिजनचे शिखर पाहावे. हवेच्या नायट्रोजनला उत्प्रेरकाचे फळ समजून बसणे ही दुर्मीळ चूक नाही.

## टप्पा ८ : तुलना कमी रूपांतरावर करावी

दोन नमुने ३०० °से. ला शंभर टक्के रूपांतर देत असतील तर त्यांत श्रेष्ठ कोण हे त्या तापमानाला कळत नाही. वेगाची तुलना रूपांतर १५ टक्क्यांच्या आत असताना करावी. त्यासाठी नमुना कमी घ्यावा किंवा वायूचा वेग वाढवावा. टिकाऊपणालाही हेच लागू आहे : शंभर टक्क्यांवर कित्येक तास चालवून उत्प्रेरक टिकला असे दाखवणे निरर्थक आहे, कारण थराचा निम्मा भाग निकामी झाला तरी उरलेला निम्मा ते रूपांतर राखू शकतो. पन्नास टक्क्यांच्या आसपास चालवले की घसरण लपत नाही.

कणांचा आकार बदलून आणि नमुना व वायूचा वेग एकाच प्रमाणात वाढवून पाहावे. अभिक्रियेचा वेग बदलला नाही तर वायू आत पोचण्यात अडथळा नाही असे समजता येते.

## टप्पा ९ : पाणी, ऑक्सिजन, उष्णता आणि शेवटी गंधक

पुढील घटक एकेक करून आणि याच क्रमाने घालावेत. आधी वाफ : कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ मिळून हायड्रोजन होतो आणि त्यातून अमोनिया तयार होऊ शकतो, म्हणून येथून पुढे अमोनिया मोजल्याशिवाय निवडकता लिहू नये. वाहक नळ्या १२० °से. च्या वर तापलेल्या ठेवाव्यात, नाहीतर अमोनिया साचलेल्या पाण्यात विरघळून राहतो. मग ऑक्सिजन : तो थोडा थोडा वाढवत नेऊन कोणत्या प्रमाणाला क्रियाशीलता कोसळते ते पाहावे, आणि बंद केल्यावर ती परत येते का तेही पाहावे.

उष्णतेबाबत या मिश्रधातूची मर्यादा मान्य करावी लागते. ऑक्सिजनयुक्त वातावरणात तांबे ऑक्साइड बनून पॅलेडियमपासून अलग होते, आणि ८०० °से. च्या आसपास किंवा त्यावर ते ॲल्युमिनाशी संयोग पावून कॉपर ॲल्युमिनेट बनू लागते. हे तांबे पुन्हा मिश्रधातूत आणणे अवघड असते. इंजिनाला चिकटून बसवलेल्या परिवर्तकाचे (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याचे) तापमान याहून वर जाऊ शकते. वाफेसह तापवून झाल्यावर नमुना पुन्हा क्षपित करावा आणि टप्पा ५ मधील हायड्राइडची चाचणी पुन्हा घ्यावी. ते उलटे शिखर दिसू लागले तर पॅलेडियम सुटे झाले आहे, मग क्रियाशीलता काहीही दिसत असो.

गंधकाची चाचणी सर्वांत शेवटी घ्यावी. भारत स्टेज-६ (वाहनांच्या प्रदूषणाचे भारतीय मानक) च्या पेट्रोलमध्ये किलोमागे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम गंधक असते, त्यामुळे धुरातील सल्फर डायऑक्साइड अल्प असते, तरी ते पॅलेडियम आणि तांबे दोन्हींवर साचत जाते. एकदा गंधक सोडले की ते नळीच्या भिंतीला, क्वार्ट्‌झच्या कापसाला आणि पुढच्या जोडांनाही लागते आणि पुढच्या नमुन्यात उतरते. म्हणून गंधकासाठी नळी, कापूस आणि थर्मोकपलचे आवरण वेगळे ठेवून त्यांवर तशी खूण करावी, आणि ते सामान गंधकविरहित चाचणीला पुन्हा वापरू नये.